ताकाला जाताना भांडे कोणाचे?

मराठीत संगणकाचा इतिहास लिहिला जातो तो बहुधा उद्घाटनांचा इतिहास असतो. १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हे यंत्र कार्यान्वित झाले. १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकने 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. २०१९ साली पवईच्या आयआयटीतून 'अजित' नावाचा प्रोसेसर बाहेर पडला. या नोंदी खऱ्या आहेत आणि अभिमानाच्याही आहेत. परंतु प्रकाशन-समारंभांच्या बातम्यांवरून कोणी मराठी कादंबरीचा इतिहास लिहू लागला, तर आपण त्याला इतिहासकार म्हणणार नाही. कोणत्या लेखकाने निवेदकाला किती कळू दिले आणि वाचकावर किती सोपवले, अशा निर्णयांचा तपशील आपण मागू. संगणकाच्या बाबतीत मात्र तो तपशील मागण्याची सवय आपल्याला लागलेली नाही. नांदेड-लातूरकडची कितीतरी मुले आज पुण्याला आणि हैदराबादला याच क्षेत्रात पोट भरतात, आणि ती जे करतात त्याविषयी त्यांच्याच भाषेत बोलण्याजोगे चार परिच्छेदही आम्हां भाषा शिकवणाऱ्यांपाशी नसतात. म्हणून या वेळी एका लहानशा निर्णयाचा इतिहास मांडण्याचे आम्ही योजिले आहे. त्यात समारंभ नाही. त्याला तीन-चार दशके लागली, आणि त्यात एकदा परक्याची खाजगी माहिती भलत्याच्या हाती जाण्याची वाट उघडी राहिली होती.

आधी तीन शब्द. प्रोसेसर ज्या मूठभर जागांत हातातले काम धरून ठेवतो त्यांना 'रजिस्टर' म्हणतात. बेरीज करायची तर दोन्ही संख्या आधी तिथे याव्या लागतात. पुढची आज्ञा कोणती, याची खूणही तिथेच असते. संगणकाच्या सर्व कार्यक्रमांवर देखरेख करणारा, स्मृती आणि वेळ वाटून देणारा जो गाभ्यातला कार्यक्रम, तो 'कर्नल'. (पलटणीतला नव्हे. मूळ अर्थ फळातला गर.) आणि 'बफर' म्हणजे माहिती एकीकडून दुसरीकडे नेताना मध्ये लागणारे भांडे. हा शब्द आपण गव्हाच्या बफर साठ्याच्या बातम्यांत वाचतोच.

'रजिस्टर' हा शब्द मराठवाड्याला नवा नाही, आणि निरुपद्रवीही नाही. निजामाच्या राजवटीत पटवाऱ्याच्या दप्तरात काय लिहिले आहे यावर कुटुंबाची जमीन ठरत असे. १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक आजही इथल्या जमिनीच्या वादात पुढे केले जाते. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने निजामकालीन कागदांतल्या कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचू शकणाऱ्या माणसांना अचानक मोल आले. नोंद असणे आणि नोंद वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या भागाला कोणी शिकवायला नको. प्रोसेसरच्या नोंदीचेही तसेच. चालता कार्यक्रम आपली रजिस्टरे स्वतः वापरतो. पण ती दुसऱ्या कोणाला वाचायची असतील, तर मध्ये कर्नल आहे, आणि अर्ज त्याच्याकडेच करावा लागतो.

हा अर्ज करतो कोण? मुख्यतः दोघे. एक म्हणजे दोष शोधणारा 'डीबगर'. तो दुसऱ्या कार्यक्रमाला मधेच थांबवतो आणि या क्षणी तुझ्या हातात काय आहे, असे विचारतो. दुसरा अर्ज मृत्यूनंतरचा. कार्यक्रम अकस्मात कोसळला की कर्नल त्याच्या अखेरच्या क्षणाचा पंचनामा करून फायलीत लिहून ठेवतो. त्याला 'कोअर डंप' म्हणतात. त्यातला 'कोअर' म्हणजे जुन्या यंत्रांच्या स्मृतीत असणाऱ्या चुंबकीय कड्या. कड्या केव्हाच गेल्या, शब्द राहिला. भाषाशास्त्राच्या तासाला हे उदाहरण द्यायला हरकत नाही.

आता मुख्य प्रश्न. मागणाऱ्याने मागितले, देणाऱ्याने द्यायचे. पण भांडे कोणी आणायचे? ताकाला जाऊन भांडे लपवू नये, असे आपण म्हणतो. त्यात भांडे मागणाऱ्यानेच न्यायचे असते हे गृहीत धरलेले आहे. पण भांडे केवढे न्यायचे हे त्या म्हणीत सांगितलेले नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरच्या पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू करावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. टँकरभोवतीची घागरींची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या प्रश्नाच्या सगळ्या बाजू ठाऊक आहेत. घागर लहान निघाली तर पाणी सांडते. मोठी निघाली तर किती भरली हे कोणीतरी सांगावे लागते. घागरच देणाऱ्याने पुरवायची, तर ती मोकळी करून परत कोणी द्यायची? आणि ती धुतलेली आहे ना?

युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत (१९७५) 'पीट्रेस' नावाची सोय होती. तिच्यात दुसऱ्या कार्यक्रमाची माहिती एका वेळी एक शब्द अशी मागता येई. खिडकीतून एकेक शब्द विचारावा आणि एकेक उत्तर घ्यावे, असा प्रकार. काम संथ, पण भांड्याचा प्रश्नच नव्हता. एक शब्द ओंजळीत मावतो. पुढे सगळी रजिस्टरे एकदम मागण्याची सोय आली आणि प्रश्न उभा राहिला. मागणाऱ्याने आपल्या स्मृतीतला एक पत्ता द्यायचा, कर्नलने तिथे सगळे ओतायचे. किती ओतले जाईल हे दोघांनी आधीच जाणून असायचे. १९९१ साली लिनस टॉर्व्हाल्ड्सने ज्या ३८६ यंत्रावर लिनक्स लिहायला घेतले, त्याची सर्वसाधारण कामाची रजिस्टरे अवघी आठ, मिळून ३२ बाइट. एवढ्यासाठी करारनामा कशाला? मात्र १९९९ च्या पेंटियम ३ पासून रजिस्टरांच्या नवनव्या पंक्ती येऊ लागल्या, आणि आजच्या रुंद रजिस्टरांची सगळी अवस्था साठवायची तर अडीच हजारांहून अधिक बाइट लागतात. ज्याचे माप ठाऊक आहे असे धरून चाललो, तेच दर काही वर्षांनी वाढू लागले.

शिवाय प्रोसेसरांची कुळे वेगवेगळी. येथे पवईच्या 'अजित'कडे वळणे आम्हांला आवश्यक वाटते. प्रा. माधव देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेला हा ३२ बिटांचा प्रोसेसर. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्राने त्याची चकती तयार झाली. तो ज्या आज्ञासंचाप्रमाणे चालतो त्याचे नाव 'स्पार्क', आवृत्ती आठवी. स्पार्कची ख्याती तिच्या 'खिडक्यां'साठी आहे. चालत्या कार्यपद्धतीला एका वेळी २४ रजिस्टरांची खिडकी दिसते: आठ आत येणारी, आठ स्वतःची, आठ बाहेर जाणारी. (सर्वांची सामाईक आठ त्याखेरीज.) एका कार्यपद्धतीने दुसरीला हाक मारली की खिडकी सरकते, आणि हाक मारणारीची 'बाहेर जाणारी' आठ रजिस्टरे तीच हाक ऐकणारीची 'आत येणारी' आठ ठरतात. एकाने हातातले भांडे पुढे केले आणि दुसऱ्याने ते तिथेच धरले. ओतणे नाही, सांडणे नाही. भांडे कोणाचे या प्रश्नाला हे आमच्या माहितीतले सर्वांत देखणे उत्तर आहे.

देखण्या उत्तराची किंमत मात्र वाचणाऱ्याला मोजावी लागते. खिडक्या मोजक्याच, आज्ञासंच दोनपासून बत्तीसपर्यंत खिडक्यांना परवानगी देतो. त्या संपल्या की सर्वांत जुनी खिडकी रिकामी करून तिच्यातला मजकूर कार्यक्रमाच्या स्वतःच्या स्मृतीत, म्हणजे त्याच्या 'स्टॅक'वर, नेऊन ठेवावा लागतो. त्यामुळे थांबवलेल्या कार्यक्रमाची रजिस्टरे वाचायची म्हणजे काही मजकूर कर्नलच्या दप्तरात आणि काही त्या कार्यक्रमाच्या घरात. स्पार्कवरचे लिनक्स आधी खिडक्या रिकाम्या करते आणि मग त्या घरात जाऊन उरलेली सोळा रजिस्टरे वाचून आणते. घरच कोसळलेले असेल, त्या पत्त्यावर स्मृतीच नसेल, तर निघालेली खिडकी ठेवण्यासाठी कर्नलने स्वतःपाशी राखीव जागा बाळगलेली असते. एका कुळाची ही तऱ्हा. लिनक्सला अशी वीसेक कुळे सांभाळायची होती. प्रत्येकाने वाचनाची आपापली रीत लिहिली होती आणि पंचनाम्याची निराळी.

ही बेबंदशाही आवरण्याचा पहिला गंभीर प्रयत्न रोलंड मॅक्ग्राथ यांचा. एप्रिल २००८ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.२५ मध्ये 'रेगसेट' ही कल्पना दाखल झाली. प्रत्येक कुळाने आपल्या रजिस्टरांचे संच जाहीर करायचे: संचात किती घटक, प्रत्येक केवढा, आणि तो वाचण्याची कार्यपद्धती कोणती. डीबगर आणि पंचनामा या दोघांनीही मग तीच कार्यपद्धती वापरायची. कल्पना फार चांगली होती, आणि आजही ती टिकून आहे. परंतु वाचण्याच्या त्या कार्यपद्धतीला सहा गोष्टी हाती दिल्या जात. कोणता कार्यक्रम, कोणता संच, कुठून वाचायचे, किती वाचायचे, आणि त्यानंतर दोन भांडी: एक कर्नलच्या स्वतःच्या स्मृतीतले, दुसरे मागणाऱ्याच्या स्मृतीतले. पहिले दिले असेल तर त्यात ओत. नसेल तर दुसऱ्यात.

व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर हे एक विचित्र वाक्य आहे. एकाच क्रियापदाला दोन कर्मे, आणि त्यांतले एक नेहमी अध्याहृत. मागणाऱ्याच्या स्मृतीत ओतणे हे कर्नलला साधे काम नाही. तो पत्ता खोटा असू शकतो, ओतता ओतता जागा संपू शकते. म्हणून ती जपणूक प्रत्येक कुळाच्या प्रत्येक संचाने करायची. 'कुठून' आणि 'किती' यांचा हिशोबही प्रत्येकाने मांडायचा. सर्वांत वाईट म्हणजे उत्तर. काम झाले की कार्यपद्धती शून्य परत देई, म्हणजे 'ठीक'. किती भरले, हे त्या उत्तरात नव्हते. मागणाऱ्याच्या अंगाने ही उणीव २०१० साली काहीशी भरून निघाली. नव्या सोयीत डीबगर भांड्याचा पत्ता आणि माप दोन्ही देई, आणि कर्नल ते माप खोडून प्रत्यक्ष भरलेले माप तिथे लिही. आतल्या बाजूला मात्र 'ठीक' एवढेच चालू राहिले.

जुन्या पोथ्यांचे पाठ सिद्ध करणाऱ्यांना इथला धोका लगेच कळेल. मूळ पोथीचे पान फाटलेले असेल तर चांगला लेखक नकलेत तेवढी जागा कोरी सोडतो आणि कोरी सोडली आहे हे कळू देतो. ती जागा त्याने ज्या कागदावर आधीच काही लिहिलेले होते त्यावर सोडली तर? मग खालचा परका मजकूर मूळ ग्रंथाचाच म्हणून वाचला जाईल. कर्नल स्मृती वाटतो तेव्हा अगदी हेच घडते. मागितलेली जागा ही थोड्या वेळापूर्वी दुसऱ्या कोणीतरी परत केलेली असते, आणि पुसून द्या असे स्पष्ट म्हटले नाही तर ती जशीच्या तशी मिळते. पुसायला वेळ लागतो; आणि आपण लगेच पूर्ण भरणारच आहोत, मग पुसायचे कशाला, हा युक्तिवाद बहुतेक वेळा बरोबरही असतो.

पंचनामा करणाऱ्या भागाने हाच युक्तिवाद केला होता. त्याने न पुसलेली जागा घेतली, वाचणाऱ्या कार्यपद्धतीला दिली, 'ठीक' हे उत्तर ऐकले आणि पूर्ण जागा फायलीत उतरवली. मधल्या काही ओळी कोणी भरल्याच नव्हत्या. २०२० च्या मे महिन्यात अलेक्झांडर पोटापेन्को यांनी याची दुरुस्ती केली. न भरलेली स्मृती वापरली गेली की ओरडणाऱ्या एका तपासणी-यंत्रणेने ही चूक पकडली होती. काही किलोबाइटांपर्यंत कर्नलची परकी स्मृती त्या फायलीत जाऊ शकत होती, आणि कोणताही विशेष अधिकार नसलेला वापरकर्ता ती फाइल वाचू शकत होता; कार्यक्रम त्याचाच, पंचनामाही त्याचाच. त्या तुकड्यात कोणाची किल्ली असेल, कोणाच्या पत्राचा अंश असेल, काहीच असे नसेल. या चुकीला दोषांच्या जागतिक यादीत २०२०-१०७३२ हा क्रमांक मिळाला. दुरुस्ती एका शब्दाची म्हणावी इतकी लहान होती: जागा घेताना ती शून्यांनी पुसून घ्या.

भोक बुजले. पण ते ज्या वाक्यरचनेतून पडले ती तशीच राहिली होती. ती बदलण्याचे काम त्याच वर्षी अल व्हिरो यांनी केले आणि ते ऑक्टोबर २०२० च्या लिनक्स ५.९ मध्ये आले. त्यांनी दोन भांड्यांचा घोळ मोडून काढला. वाचणाऱ्या कार्यपद्धतीला आता एकच वस्तू मिळते. तिचे नाव 'मेमबफ'. तिच्यात दोनच गोष्टी: लिहायची जागा आणि शिल्लक किती. लिहीत जावे तसे जागेचे बोट पुढे सरकते आणि शिल्लक घटते. शिल्लक संपल्यावर लिहिलेले आपोआप गळून पडते, काठाबाहेर सांडत नाही. मध्येच कुठून तरी वाचायला सुरुवात करण्याची मुभा या कार्यपद्धतीकडून काढून घेतली. सुरुवातीपासून सरळ लिहीत सुटायचे. रिकामी जागा सोडायची असेल तर तसे म्हणावे लागते, आणि म्हटले की तिथे शून्ये पडतात. चांगल्या नकलकाराची कोरी जागा ती हीच. अखेरीस उत्तरात 'ठीक' नव्हे, तर उरलेली शिल्लक परत येते. तिच्यावरून किती भरले हे कळते, आणि फायलीत तेवढेच उतरते.

भांडे कोणाचे, या प्रश्नाला व्हिरो यांनी दोन उत्तरे दिली आणि दोन्हींना वेगळी नावे ठेवली, हे आम्हांला विशेष वाटते. 'रेगसेट-गेट' म्हटले तर भांडे मागणाऱ्याचे. पंचनाम्याच्या छापील नमुन्यात मुख्य रजिस्टरांसाठी आखलेली चौकट आधीच असते. तिथे नवे भांडे घेऊन पुन्हा ओतण्यात अर्थ नाही, थेट चौकटीत भरावे. 'रेगसेट-गेट-अलॉक' म्हटले तर भांडे पुरवणारा कर्नलचा तोच मधला थर, आणि ते पुसूनच दिलेले. मागणाऱ्याने फक्त वापर झाल्यावर ते मोकळे करायचे. डीबगरसाठीही आधी असे आतले भांडे भरायचे आणि मग ते एकदाच, एकाच ठिकाणी, जपून त्याच्या स्मृतीत ओतायचे. म्हणजे परक्या घरात ओतण्याची जी जोखीम कुळाकुळांत विखुरली होती, ती एका जागी आली. यात एक जास्तीचे ओतणे वाढते, थोडा वेळ जातो. कार्यक्रम थांबवून त्याची चौकशी चालू असताना तेवढ्या वेळाचे कोणाला काय! काटकसरीच्या नावाखाली वर्षानुवर्षे सांभाळलेली गुंतागुंत कित्येकदा अशा ठिकाणची असते, जिथे काटकसरीची कोणालाच गरज नव्हती. हे आम्ही केवळ संगणकापुरते म्हणत नाही. विद्यापीठाचे परीक्षा-अर्ज भरलेल्यांना वेगळे सांगायला नको.

व्हिरो यांचे काम म्हणजे नवा शोध नव्हे, आणि तसा दावाही नाही. रेगसेटची मूळ कल्पना २००८ चीच. त्यांनी वाक्य पुन्हा लिहिले: कर्ता कोण, कर्म कोणते, आणि क्रिया पुरी झाली की नाही हे वाक्यातच दिसेल असे. वीसेक कुळांच्या कार्यपद्धती एकेक करून नव्या रीतीत आणल्या, तोवर जुन्या आणि नव्या दोन्ही रीती शेजारी शेजारी चालू ठेवल्या, आणि शेवटचे कूळ हलल्यावर जुनी रीत काढून टाकली. संपादनाचे काम ज्यांनी केले आहे त्यांना यातले कष्ट ओळखता येतील. अशा कामाला बक्षीस नसते.

तरीही पुरवलेल्या भांड्याचा एक प्रश्न उरला होता: ते केवढे पुरवायचे? आर्म कुळाच्या ६४ बिटी प्रोसेसरांत 'एसव्हीई' नावाची लांबी बदलू शकणारी रजिस्टरे आहेत. आज्ञासंच एका रजिस्टराला जास्तीत जास्त २०४८ बिटांची लांबी देतो. पण पुढेमागे ती वाढेल म्हणून लिनक्समधल्या जाहीरनाम्यात ६५,५३६ बिटांपर्यंतची तरतूद करून ठेवली होती. अशी ३२ रजिस्टरे, म्हणजे २५६ किलोबाइट, आणि वर लहान रजिस्टरांची भर. पंचनाम्याच्या वेळी भांडे या जाहीर मापाने घेतले जाई. स्मृती दुपटीच्या पायऱ्यांनी मिळते, तेव्हा २५६ च्या थोडे वर गेले की ५१२ किलोबाइटांची सलग जागा हवी. इतकी लांबी कोणत्याही प्रोसेसरात नव्हती. न आलेल्या पाहुण्यांची पंगत मांडावी आणि घरच्यांना बसायला जागा उरू नये, तसे झाले. स्मृतीची चणचण असलेल्या यंत्रावर एवढी सलग जागा मिळेना आणि जागेची मागणी फसू लागली. २०२४ च्या आरंभी त्यावर दोन उपाय झाले. डग अँडरसन यांनी सलग जागा न मिळाल्यास विखुरलेली पाने जोडून काम भागेल अशी व्यवस्था केली. तीही पाने पुसलेलीच. आणि मार्क ब्राउन यांनी आर्मच्या जाहीरनाम्यातले माप २०४८ बिटांवर उतरवले. रजिस्टरांची पंगत त्यामुळे २५६ किलोबाइटांवरून ८ वर आली.